लिस्बनहून एव्होरा आणि वाइनरी : गाइडसह एका दिवसाची सहल कशी निवडावी?

प्रश्न
सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन पोर्तुगालला जात आहे. लिस्बनहून एक दिवस एव्होरा हे तटबंदीचे शहर आणि जवळची एखादी वाइनरी पाहण्याचा विचार आहे. वडिलांना गोव्याच्या इतिहासाची मनापासून आवड आहे. आई शाकाहारी असून मद्य घेत नाही. दोघांनाही दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटेल, अशी सहल कशी निवडावी?

प्रतिसाद १
तटबंदीच्या आत किती वेळ मिळतो, हे सर्वांत आधी विचारावे. एव्होरा लिस्बनपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे, त्यामुळे जाण्यायेण्यातच तीन तास जातात. त्यात दोन वाइनऱ्या आणि बुचाचा कारखानाही कोंबलेला असेल, तर शहराच्या वाट्याला रोमन मंदिर आणि भिंतींवर माणसांची हाडे बसवलेले चॅपेल (प्रार्थनागृह) यांचे धावते दर्शन तेवढे उरते. माझ्या मते एकच वाइनरी असलेली, लहान गटाची सहल घ्यावी.

वाइनरी म्हणून मी कार्तुशा या वाइन उत्पादकाची किंता द व्हालबोम सुचवेन. ती तटबंदीबाहेर अगदी जवळ आहे आणि शहराच्या इतिहासाशी तिचा थेट धागा जुळतो. एव्होराचे विद्यापीठ १५५९ मध्ये जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांच्या, हाती सुरू झाले आणि ही वास्तू त्याच विद्यापीठातील जेझुइट अध्यापकांची होती. १७५९ मध्ये पोर्तुगालमधून जेझुइटांची हकालपट्टी झाली, गोव्यातील जेझुइटांनाही त्याच वर्षी अटक झाली. त्यानंतर ही वास्तू सरकारजमा झाली आणि १७७६ मध्ये येथे द्राक्षे गाळण्याचा घाणा चालू लागला. विद्यापीठातील निळ्या-पांढऱ्या चित्रफरशांनी सजलेल्या वर्गखोल्या सकाळी पाहून दुपारी येथे आल्यास वडिलांना ही सारी कथा जागेवरच उलगडेल. कॅथीड्रलही चुकवू नये : जपानहून गोव्यामार्गे युरोपात गेलेले तरुण दूत १५८४ मध्ये येथे आले होते आणि त्यांच्यापैकी दोघांनी येथील ऑर्गन वाजवला होता.

वाइनरीची भेट आधी आरक्षित करावी लागते. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी चालू असते, म्हणून हे काम लवकर उरकावे. तळघर आणि जुनी वास्तू पाहण्यासाठी वाइन चाखलीच पाहिजे असे नाही. आईंसाठी ऑलिव्ह तेल चाखण्याची सोय होईल का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. जेवणाबद्दल थोडी भर घालतो. एव्होरा ज्या आलेंतेजू प्रांतात आहे तेथे डुकराच्या मांसाचा वापर फार होतो, त्यामुळे सहलीतील ठरलेले जेवण न घेता आपले आपण जेवावे. लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव यांचे 'असोर्दा' हा गरम पातळ पदार्थ आईंना आवडेल, पण त्यात बहुधा अंडे सोडलेले असते आणि कधी मासळीचे पाणी वापरलेले असते, म्हणून मागवण्यापूर्वी दोन्हींची चौकशी करावी. सप्टेंबरच्या दुपारीही तेथे ऊन कडक असते आणि गल्ल्यांतील दगडी फरसबंदी चढउताराची आहे. त्यामुळे पायी फिरणे सकाळीच आटोपणारी सहल घ्यावी आणि बस तटबंदीच्या कोणत्या दाराशी सोडते, हे आधी विचारून ठेवावे.