रोखीचा व्यवहार टाळता येतो

'घर विकताना थोडी रोख घ्यावीच लागते, तिथे तत्त्वं बाजूला ठेवा' असं वर एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. वडिलांच्या पश्चात आम्ही त्यांचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा एक गिऱ्हाईक कापडी पिशवीत टोकनच, म्हणजे आगाऊ रक्कमच, घेऊन आलं. पिशवी टीपॉयवर, चहाच्या कपांशेजारी. अकरा लाख रोख, बाकी चेकने. आईने एवढंच विचारलं, "मग करारात खरी किंमत लिहिणार ना?" गृहस्थ नुसते हसले; म्हणजे रोखीचा भाग करारात दिसणार नव्हता.

२०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे; दंड घेतलेल्या रकमेइतका. पण खरं सांगते, दंडाची भीती नंतरची. सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा ठेवून खोट्या आकड्याखाली सही करणं माझ्याने झालंच नसतं. पाच महिने थांबलो. रिकाम्या घराचा मेंटेनन्स भरताना जीव मेटाकुटीला आला. डोक्यावर कर्ज असलेल्यांना असं थांबणं परवडत नाही, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

शेवटी एका नोकरदार जोडप्याने घेतला. बँक कर्ज देताना करारातली किंमत बघते, म्हणून त्यांनाच पूर्ण रक्कम कागदावर हवी होती. असे खरेदीदार असतात हो, जरा शोधा.