पेले ते मेस्सी: वेगवेगळ्या काळांतले खेळाडू मोजायचे कसे? आणि अमेरिकेत सॉकर खरंच रुजलंय का?

कोपऱ्यावरचा_झेंडा

दोन प्रश्न एकत्र विचारतोय, कारण वाद नेहमी एकातून दुसऱ्यात शिरतो.

पहिला. पेलेचे तीन विश्वचषक (१९५८, १९६२, १९७०), मॅराडोनाचं १९८६ आणि मेस्सीचे आठ बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) अधिक २०२२ चा विश्वचषक, हे सगळं एकाच तराजूत घालायचं कसं? "तेव्हा बचाव कच्चा होता" आणि "आताच्या खेळाडूंना रेफरी जपतात" या दोन वाक्यांच्या पुढे चर्चा सरकत नाही. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येईल अशी काही पद्धत आहे का?

दुसरा. जुलै २०२३ मध्ये मेस्सी इंटर मायामीकडून खेळायला लागला आणि अमेरिका आता फुटबॉलचा देश झाला असं जिथेतिथे वाचायला मिळतं. पण १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबमध्ये गेला तेव्हाही हीच हवा होती, आणि दहा वर्षांच्या आत तो क्लब ज्या साखळीत खेळायचा ती साखळीच बंद पडली. या वेळी वेगळं काय आहे? आकडे देऊन सांगाल तर बरं.

आकडेमोड

पद्धत आहे. नुसती गोलांची बेरीज बघायची नाही, ती कशाने भागायची ते आधी ठरवायचं. विश्वचषकापुरतं करून दाखवतो.

१) स्पर्धेतले एकूण गोल भागिले सामने. १९५८ मध्ये ३५ सामन्यांत १२६ गोल झाले, म्हणजे सामन्याला ३.६. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, म्हणजे २.६९.
२) त्याचं निम्मं करा. एका संघाने एका सामन्यात सरासरी किती गोल केले ते मिळतं: १९५८ ला १.८, २०२२ ला १.३४.
३) खेळाडूच्या दर सामन्यातल्या गोलांना या आकड्याने भागा.

जुस्त फॉन्तेनने १९५८ मध्ये ६ सामन्यांत १३ गोल केले: २.१७ भागिले १.८ = १.२०. गेर्ड म्युलरने १९७० मध्ये ६ सामन्यांत १० केले. त्या स्पर्धेत ३२ सामन्यांत ९५ गोल होते, म्हणून १.६७ भागिले १.४८ = १.१२. एम्बापेने २०२२ मध्ये ७ सामन्यांत ८ केले: ०.८५. नुसत्या बेरजेत फॉन्तेन म्युलरच्या तीन गोल पुढे आहे, भागाकारानंतर दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एम्बापे मागेच राहतो, पण १३ विरुद्ध ८ मध्ये दिसतं तेवढा मागे नाही.

चूक कुठे होते तेही सांगतो. सहा-सात सामने हा फार छोटा नमुना आहे. फॉन्तेनच्या १३ पैकी ४ गोल तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातले, जिथे दोन्ही संघ मोकळे होऊन खेळतात. ते वगळले तर १.२० चं थेट १.०० होतं. पेनल्टी वेगळ्या काढायलाच हव्यात: २०२२ मध्ये मेस्सीच्या ७ गोलांपैकी ४ पेनल्टीवर आले, १९८६ मध्ये मॅराडोनाच्या ५ पैकी एकही नाही. (त्या पाचांतला एक हाताने केलेला. व्हिडिओ तपासणी असती तर चारच उरले असते, हेही हिशोबात धरा.)

मॅराडोना आघाडीवीर नव्हता, त्यामुळे त्याला आणि मेस्सीला वरचं माप तोकडं पडतं. तिथे संघाच्या गोलांतला वाटा बघावा. १९८६ मध्ये अर्जेंटिनाचे १४ गोल झाले, त्यांत मॅराडोनाचे ५ गोल आणि दुसऱ्याला गोल करून देणारे ५ पास: ७१ टक्के. २०२२ मध्ये अर्जेंटिनाचे १५, मेस्सीचे ७ गोल आणि ३ पास: ६७ टक्के. छत्तीस वर्षांचं अंतर आणि आकडे इतके जवळ!

क्लबच्या बाबतीत मी समकालीनांपासूनचं अंतर बघतो. आपल्याकडे ब्रॅडमनमुळे ही कल्पना सगळ्यांच्या अंगवळणी आहे. ९९.९४ ही कसोटी सरासरी मोठी आहे ती त्याच पिढीतले हेडली ६०.८३ वर आणि सटक्लिफ ६०.७३ वर थांबले म्हणून. स्पॅनिश लीगच्या २०११-१२ च्या हंगामात मेस्सी ५० गोल, रोनाल्डो ४६ आणि तिसरा फाल्काओ २४. एकाच वेळी दोन माणसं बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर पळत होती. "आता गोल करणं सोपं झालंय" म्हणणाऱ्यांनी या २४ चं काय ते सांगावं. सोपं झालं असतं तर तिसऱ्यालाही झालं असतं.

शिट्टी_आणि_वही

वरचं गणित पटलं, पण एक भोक राहिलं: नियम. भागाकाराने गोलांची महागाई निघते, पायावर बसलेल्या लाथा निघत नाहीत.

विश्वचषकात बदली खेळाडू पहिल्यांदा १९७० ला आले, तेही दोनच. पिवळी-लाल कार्डंही त्याच स्पर्धेपासून. म्हणजे १९६२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेलेची मांडी दुखावली तेव्हा ब्राझीलकडे दोनच मार्ग होते: दहा जणांनी खेळणं, नाहीतर लंगडत्या पेलेला मैदानात उभं ठेवणं. १९६६ ला पोर्तुगालने त्याला तुडवलं तेव्हाही तेच झालं. आज तीच दुखापत झाली तर पाच मिनिटांत बदली येतो, खेळाडू बर्फ लावून बसतो आणि कदाचित पुढच्या सामन्यात परत दिसतो. पेलेचे १४ सामन्यांत १२ विश्वचषक गोल आहेत. १९६२ आणि १९६६ मिळून तो चारच सामने खेळला, हे त्या १४ मागचं कारण.

मॅराडोनावर १९८२ च्या विश्वचषकात एकट्या इटलीच्या सामन्यात २३ फाउल झाले. १९८६ मध्ये सात सामन्यांत ५३. पाठीमागून येऊन पाय कापणारा टॅकल थेट लाल कार्डाचा गुन्हा ठरला तो १९९८ मध्ये. मेस्सीची जवळजवळ सगळी कारकीर्द या नियमाच्या सावलीत गेली. त्याचं मोठेपण याने उणं होत नाही, पण गुडघे-घोटे वीस वर्षं कशामुळे टिकले याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. १९९२ पर्यंत बचावपटूने मागे दिलेला चेंडू गोलकीपर हाताने उचलू शकत असे. आघाडीवर असलेला संघ तेच करत वेळ काढायचा. १९९० च्या विश्वचषकात सामन्याला जेमतेम २.२१ गोल झाले आणि त्यानंतर हा नियम बदलला. त्याने खेळाचा वेग वाढला, धावायचं अंतर वाढलं, बचाव संघटित झाला. मेस्सीला फाउल कमी मिळाले, पण मोकळी जागाही कमी मिळाली. चेंडूचं म्हणाल तर पूर्ण कृत्रिम चेंडू विश्वचषकात १९८६ ला आला. त्याआधीचा चामड्याचा चेंडू सामन्यापूर्वी वजनाला नियमात बसायचा, पण पाऊस लागला की पाणी पिऊन जड व्हायचा. लांबून मारलेल्या फटक्यांची तुलना करताना हे विसरू नका.

आणि कृपा करून पेलेचा साडेबाराशेच्या पुढचा तो आकडा मेस्सीच्या आकड्यापुढे ठेवू नका. त्यात दौऱ्यांवरचे मैत्रीपूर्ण सामने आहेत. ब्राझीलसाठी ९२ सामन्यांत ७७ गोल, हा घ्या. मात्र मैत्रीपूर्ण सामने म्हणजे फुकटचे गोल असंही नाही. पेलेच्या निरोपाच्या सामन्याच्या आठवडाभर आधी, २४ सप्टेंबर १९७७ ला, कॉसमॉस कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळली आणि सामना २-२ बरोबरीत सुटला!

हडसनकाठ

दुसऱ्या प्रश्नावर. तिथेही भागाकाराचाच घोळ आहे.

कॉसमॉसचे आकडे डोळे दिपवणारे होते. ऑगस्ट १९७७ मध्ये जायंट्स स्टेडियमवर एका बाद फेरीच्या सामन्याला ७७,६९१ लोक. १९७८ च्या हंगामात घरच्या मैदानावर सरासरी ४७ हजारांच्या पुढे. पण नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगची, म्हणजे संपूर्ण साखळीची सरासरी कधीही १५ हजारांपर्यंत पोचली नाही. एक क्लब वगळून बघितलं तर चित्रच वेगळं दिसतं. आणि नेमकं तेच कुणी बघितलं नाही. १९७८ ला साखळी एकदम २४ संघांपर्यंत फुगवली. नव्या मालकांनी कॉसमॉसची बरोबरी करायला उतरत्या वयाचे युरोपीय तारे आणले, पगार तिकिटांच्या उत्पन्नाबाहेर गेले, भाड्याची अमेरिकन फुटबॉलची स्टेडियमं अर्ध्याहून जास्त रिकामी राहिली, १९८० नंतर राष्ट्रीय टीव्हीनेही पाठ फिरवली. १९८४ च्या हंगामात नऊ संघ उरले, आणि तोच शेवटचा हंगाम.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेला देताना फिफाने अटच घातली होती की व्यावसायिक साखळी उभी करा. त्यातून १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झालं, दहा संघांचं. त्यांनी आधीच्या साखळीच्या चुका समोर ठेवून रचना केली:

– खेळाडूंचे करार क्लब करत नाही, साखळी करते. पगाराला मर्यादा. त्यामुळे एका मालकाला बाकीच्यांना बुडवता येत नाही.
– स्वतःची लहान स्टेडियमं. पहिलं कोलंबसला, १९९९ मध्ये. सत्तर हजारांच्या मैदानात वीस हजार माणसं म्हणजे ओसाड गाव, बावीस हजारांच्या मैदानात तीच माणसं म्हणजे जत्रा. शिवाय पार्किंग, खाणंपिणं, जाहिराती यांचा पैसा क्लबकडे येतो.
– पगाराच्या मर्यादेबाहेरच्या ताऱ्यांना मोजून जागा. हा नियम २००७ मध्ये बेकहॅमसाठी आला, मेस्सी त्याच दारातून आला.

तरीही सुरुवात डळमळीतच होती. पहिल्या हंगामात सरासरी १७ हजारांच्या पुढे, २००० मध्ये १४ हजारांच्या खाली, आणि २००१ नंतर फ्लोरिडातले दोन संघ बंद. त्यातला एक मायामीचाच! अमेरिकी प्रेक्षकाला बरोबरी आवडत नाही असं गृहीत धरून त्यांनी ३५ यार्डांवरून धावत येऊन मारायचं शूटआउट ठेवलं होतं, घड्याळही उलटं चालायचं. मुळात फुटबॉल आवडणाऱ्यांना ते खटकलं आणि नावडणारे त्यासाठी आले नाहीत. १९९९ नंतर दोन्ही काढून टाकलं. परक्या प्रेक्षकाला खूश करायला खेळ वाकवायचा नाही, हा धडा त्यांना महागात मिळाला.

आज ३० संघ आहेत. मेस्सी यायच्या आधी, २०२२ मध्येच सरासरी २१ हजारांच्या आसपास होती. २०२४ ला ती २३ हजारांवर गेली. म्हणजे मेस्सीने भर घातली, इमारत आधीच उभी होती. कॉसमॉसपेक्षा वेगळं काय, तर हे. मात्र २०२४ मध्ये कॅन्सस सिटीने मायामीविरुद्धचा सामना अॅरोहेड स्टेडियमवर हलवला आणि ७२,६१० लोक आले, असे आकडे सरासरीत मिसळून वाढ मोजू नका. आधी मायामीचे सामने बाजूला काढा.

कोपऱ्यावरचा_झेंडा

खूपच उपयोगी. पण हडसनकाठ, गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत "बघायला सर्वांत आवडता खेळ" म्हणून सॉकर सांगणारे २०१७ ला ७ टक्के होते, २०२३ ला ५. अमेरिकन फुटबॉल ४१ वर. मग वाढ कसली?

हडसनकाठ

तो प्रश्न पहिल्या आवडीचा आहे. बास्केटबॉलवर प्रेम करून शनिवारी सकाळी इंग्लिश प्रीमियर लीग बघणारा त्यात बास्केटबॉलकडेच मोजला जातो. आणि टीव्हीवर सॉकर वाटलं गेलंय: कुणी मेक्सिकन लीग बघतं, कुणी इंग्लिश, कुणी देशी. स्टेडियममधली गर्दी आणि देशी साखळीचा टीव्ही प्रेक्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अजून अशक्त आहे. तुमची शंका तिथे रास्त आहे. खरी अडचण खालच्या, मुलांच्या पातळीवर आहे. मुलांच्या चांगल्या क्लबांना पालकांनी फी भरावी लागते, त्यामुळे गरीब घरातला हुशार पाय बाहेरच राहतो. २०१७ मध्ये त्रिनिदादकडून २-१ हरून अमेरिकेचा २०१८ चा विश्वचषक हुकला, तेव्हा हा विषय काही काळ ऐरणीवर आला होता.

उजवी_बगल

इतका वेळ सगळे पुरुषांच्याच खेळावर बोलताहेत. अमेरिकेत सॉकरचं मोठेपण बायकांनी कमावलंय: १९९१, १९९९, २०१५, २०१९, चार विश्वचषक. १९९९ च्या अंतिम सामन्याला रोझ बोल स्टेडियममध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते. मूळ कारण १९७२ चा टायटल नाइन कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना समान संधी द्यावी लागली. सॉकरमध्ये संघ मोठा आणि साहित्य स्वस्त, म्हणून कॉलेजांनी मुलींचे सॉकर संघ काढले. बाकीच्या बहुतेक देशांत तेव्हा अशी व्यवस्थाच नव्हती.

म्हणून काळाची तुलना इथे सर्वांत अवघड. मिशेल एकर्सचे १९९१ मध्ये ६ सामन्यांत १० गोल. सामने ८० मिनिटांचे होते, पण आकडेमोडांच्या भागाकाराला त्याचा त्रास नाही, कारण सगळ्यांचेच ८० मिनिटांचे होते: २६ सामन्यांत ९९ गोल, म्हणून १.६७ भागिले १.९० = ०.८८. आता बारकाईने बघा. त्या दहातले ५ एकट्या तैवानविरुद्ध. अॅलेक्स मॉर्गनच्या २०१९ मधल्या ६ पैकी ५ थायलंडविरुद्ध, १३-० च्या सामन्यात. तो एकेक सामना झाकला तर एकर्सकडे ५ सामन्यांत ५ उरतात, मॉर्गनकडे १. प्रत्येक खेळाडूचा सर्वांत मोठा सामना झाकून पुन्हा भागाकार करायचा, ही पायरी वरच्या कृतीत जोडा.

आकडेमोड

जोडली. २०२६ च्या विश्वचषकालाही ती लागते, कारण ४८ संघ म्हणजे एकतर्फी सामन्यांना जास्त वाव. आणि प्रेक्षकसंख्येबद्दल एक. २०२२ पर्यंतच्या विश्वचषकांत एकूण प्रेक्षकांचा उच्चांक १९९४ चाच आहे, ३५,८७,५३८, तोही फक्त ५२ सामन्यांत. २०२६ मध्ये सामने १०४, त्यांतले ७८ अमेरिकेत. एकूण आकड्याच्या विक्रमाची बातमी दिसली की तो आधी सामन्यांनी भागा आणि १९९४ च्या ६८,९९१ शेजारी ठेवा.