परिच्छेदात तपशील येतो, पण त्यावरचे भाष्य येत नाही, कसे शिकवावे?

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका)

नमस्कार. मी नववी-दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. वैचारिक लेखन आणि पाठाखालचे स्वमताचे प्रश्न, या दोन्ही ठिकाणी मला एकच अडचण सतत जाणवते. मुद्द्याला आधार द्या, असे वारंवार सांगितल्यामुळे मुले आता तपशील शोधून आणतात. परंतु तो लिहिला की परिच्छेद पूर्ण झाला, असे त्यांना वाटते. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर एका विद्यार्थ्याने असे लिहिले आहे : ‘पाणी हे जीवन आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून आपण सर्वांनी पाणी जपून वापरले पाहिजे.’ यात चूक काहीच नाही, तरीही त्याने स्वतः काय विचार केला, हे कळत नाही. ‘तुझे मत लिही’ म्हटले, तर ‘मला असे वाटते की’ एवढे जोडून तेच वाक्य पुन्हा येते. तपशिलावर विचार करायला मुलांना नेमके कसे शिकवावे?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षक)

ताई, आपल्या विद्यार्थ्याने निवडलेला तपशील उत्तम आहे. फक्त तो त्याने फार लवकर सोडून दिला आहे. ‘रेल्वेने पाणी आणावे लागले’ हे विधान अजून ढोबळ आहे, ते आधी उलगडायला लावावे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून निघालेली पहिली गाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्च महिन्यात, पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत, म्हणून शहरात कलम १४४ खाली जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. एवढे फळ्यावर मांडून ‘तुझे मत काय?’ असे न विचारता, ‘यातल्या कोणत्या गोष्टीपाशी तू थांबलास आणि का?’ असे विचारावे.

एखादा मुलगा भागाकार करील आणि त्याच्या लक्षात येईल की, माणशी दीड लिटरही पाणी येत नाही. मग तो असे काही लिहू शकेल : ‘पाच लाख लिटर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण शहरातल्या सर्वांना वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला तांब्याभर पाणी येते. अशा शहराला नळ जपून वापरा, असे सांगून भागणार नाही, कारण तिथे नळाला पाणीच नव्हते.’ पाहा, तपशिलापाशी थोडा वेळ थांबल्याबरोबर त्याचा स्वतःचाच जुना निष्कर्ष त्याला अपुरा वाटू लागला. मी भाष्य म्हणतो ते हेच.

वर्गात एक कसोटी जरूर लावून पाहावी. तपशिलाचे वाक्य हाताने झाकून पुढचे वाक्य वाचायला सांगावे. ‘पाणी जपून वापरले पाहिजे’ हे वाक्य लातूर झाकले तरी जसेच्या तसे उभे राहते, म्हणजे ते त्या तपशिलातून आलेलेच नाही.

प्रतिसाद २ (महाविद्यालयीन अध्यापक)

वरील कसोटीशी मी पूर्ण सहमत आहे. अशी बांधणी आपल्या गद्याला नवी नाही, हेही मुलांना दाखवावे, असे मला मनापासून वाटते. चक्रधरस्वामींच्या दृष्टान्तांचे केसोबासांनी जे संकलन केले, त्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त असून त्यांची मांडणी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगांनी होते. आंधळे हत्ती चाचपतात, पाय हाताला लागलेला त्याला खांबासारखा म्हणतो, कान लागलेला सुपासारखा म्हणतो, ही गोष्ट मुलांना ठाऊक असते. ती केवळ सांगून न थांबता तिचा सूत्राशी संबंध उलगडून दाखवणारे तिसरे अंग तिथे स्वतंत्र येते, आणि आपल्या मुलांच्या परिच्छेदात नेमके तेच गळते.

अमेरिकेत सॅन दिएगो येथील शिक्षिका जेन शेफर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एका तपशिलामागे भाष्याची दोन वाक्ये असे प्रमाण धरतात. आठवी-नववीत सवय लावण्यासाठी ते उपयोगी आहे. दहावीत मात्र ते बंधन सोडावे, नाहीतर वाक्यांची संख्या भरण्यासाठी मुले पुन्हा पोकळ लिहू लागतात.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाकून वाचण्याची कसोटी उद्याच्या तासाला घेते. एक शंका उरते : स्वमत म्हणजे स्वतःचा अनुभव, अशी काही मुलांची समजूत आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे सांगण्यासारखा प्रसंग नसतो, ती एखादा बनवून लिहितात.

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षक)

अनुभव हासुद्धा तपशीलच आहे, भाष्य नव्हे. त्यामुळे तो असलाच पाहिजे, असा आग्रह नको आणि बनवून लिहिण्याला तर स्पष्ट नकार द्यावा. पहाटे टँकरपाशी हंडा लावलेल्या मुलीनेही ‘माझ्या आईला त्रास झाला’ एवढ्यावर थांबू नये. रांगेत बायका आणि मुलीच का होत्या, त्या दिवशी शाळेचा पहिला तास कोणाचा बुडला, हे तिला विचारावे. ज्याच्या घरी चोवीस तास पाणी आहे, त्याने तीच बातमी वाचून, आपल्याला हा प्रश्न आजवर का पडला नाही, याचा विचार लिहावा. वही तपासताना ‘छान’ किंवा ‘अपुरे’ असा शेरा देण्याऐवजी तपशिलाच्या शेजारी समासात ‘मग?’ एवढेच लिहावे, आणि त्याचे उत्तर त्याच वहीत खाली लिहून घ्यावे.