मदत हवी आहे: सातवीच्या मुलांना अणुविज्ञान शिकवायला विज्ञान केंद्राची साथ (पुणे)

नमस्कार. कोथरूडच्या एका मराठी शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. अणू म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त बॉम्ब येतो. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, कॅन्सरवर किरणोत्सर्गाने उपचार होतात, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून एखाद्या विज्ञान केंद्राबरोबर वर्षभराचा उपक्रम करायचा आहे. एका दिवसाची सहल नको. त्यात मुलं बटणं दाबतात, डबा खातात आणि परत येतात. आधी वर्गात तयारी, मग केंद्रात प्रयोग, नंतर तिथलं कुणीतरी शाळेत येऊन मुलांच्या शंका सोडवेल, असं हवंय. आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, चिंचवडचं सायन्स पार्क, यांपैकी कुठे शाळेतर्फे असं कुणी केलंय का? सुरुवात कुणाला भेटून करावी?

दुसरं, मुलांबरोबर क्लाउड चेंबर करायचंय, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांचा माग दाखवणारं साधं उपकरण. काचेचं भांडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि खाली उणे ७८ अंश सेल्सिअसचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. अंधारात टॉर्च धरला की कणांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. किरणोत्सर्गी पदार्थ आणावाच लागत नाही, कारण आकाशातून येणारे म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी आरपार जातच असतात. घाबरलेल्या पालकांनाही हे दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात थोडासा ड्राय आइस कुठे मिळेल? जाड हातमोजे आणि खेळती हवा यांशिवाय काय सांभाळावं? आणि किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर कुणी दोन दिवस उसना देईल का?