'नकारात्मक प्रबलन' म्हणजे शिक्षाच का?

पांझराकाठ : टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी चालू आहे. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला 30 गुण आहेत आणि मी 'प्रबलन' या शब्दापाशी अडून बसले आहे. धुळ्यात जो क्लास लावलाय त्याच्या नोट्समध्ये 'नकारात्मक प्रबलन : उदा. गृहपाठ न केल्यास उभे करणे' असं छापलंय. यूट्यूबवरचे हिंदी सर म्हणतात हा दंड झाला, पुनर्बलन नव्हे. कोणाचं धरू? आणि 'दृढीकरण' म्हणजे हेच की आणखी वेगळं काही?

गिरणाथडी : ताई, हिंदी सरांचं धरा. दृढीकरण आणि प्रबलन एकच, पुस्तकागणिक शब्द बदलतो. प्रबलन म्हणजे वर्तनाला बळ मिळणं. ते वर्तन पुढे वाढलं, तरच प्रबलन झालं म्हणायचं. शिक्षेत ते कमी होतं. त्यामुळे उभं केल्याने गृहपाठ न करणं कमी झालं, तर ती शिक्षा.

मग 'नकारात्मक' कशासाठी? इथे चांगल्या-वाईटाचा संबंधच नाही. नकोशी गोष्ट काढून घेतली म्हणून वजा, एवढंच. प्रयोगातल्या उंदराच्या पेटीत पायाखाली विजेचा सौम्य झटका चालू असतो, कळ दाबली की तो थांबतो, म्हणून कळ दाबणं वाढतं. वर्गातलं उदाहरण हवं तर : 'फळ्यावरची गणितं तासातच सुटली तर आज गृहपाठ नाही.' ओझं उतरलं आणि उद्या मुलं आणखी झटून गणितं सोडवू लागली, की झालं नकारात्मक प्रबलन. यात कोणी रडत नाही, उलट वर्ग खूश असतो.

मी स्वतः 'ऋण प्रबलन' म्हणतो. धन-ऋण म्हटलं की पोरांना बेरीज-वजाबाकी आठवते. 'नकारात्मक' म्हटलं की कोणी नापास झाल्यासारखी तोंडं होतात.

खडूफळा : गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही हो. प्रबलनाचा अभ्यास करणारा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर, खुद्द त्याने 1938 च्या पुस्तकात हा शब्द शिक्षेच्या जवळच्या अर्थाने वापरला होता. आजचा अर्थ त्याच्या 1953 च्या पुस्तकात आहे. क्लासवाल्यांना पंधरा वर्षांची सूट द्यायला हरकत नाही.

पांझराकाठ : 😄 त्यांना सांगते. पण मराठीत आणखी एक घोळ आहे. हिंदी व्हिडिओत 'शिक्षा मनोविज्ञान' ऐकलं की मला आधी छडीच दिसते.

अनेरकाठी : व्याख्या पाठ होते, वर्गात मात्र कुठे काय चाललंय ते ओळखणं कठीण, म्हणून थोडं लांबवतो. शिरपूर तालुक्यात शिकवतो. गणिताच्या तासाला एक पोरगा हमखास खोड्या काढतो. त्याला बाहेर उभं केलं. गुरुजींच्या हिशेबी ती शिक्षा. पण त्याला भागाकार येत नाही, तास म्हणजे त्याच्यासाठी झटका आणि खोडी ही कळ. दाबली की सुटका. पुढच्या तासाला खोड्या लवकर सुरू झाल्या, तर आपण त्याला ऋण प्रबलन दिलंय. काय दिलं ते गुरुजींच्या हेतूवरून ठरत नाही, पोराच्या पुढच्या वागण्यावरून ठरतं.

याहून जास्त खटकतं ते अहिराणीचं. पहिलीतलं लेकरू म्हणतं, 'माले समजनं नई.' बाई म्हणतात, नीट बोल, आणि वर्ग हसतो. पुढच्या वेळी ते गप्प बसतं. गप्प बसलं की हसणं नाही, म्हणजे आता गप्प बसण्याला बळ मिळतंय. वर्षभरात वर्ग कसा शिस्तीत बसतो म्हणून त्याच बाईंचं कौतुक होतं. आमच्या वरच्या पाड्यांवर पावरी बोलणाऱ्या मुलांचं हेच.

गिरणाथडी : भाऊ, यात गुरुजींनाही धरा. आपण ओरडतो, गोंगाट क्षणभर थांबतो. आपलं ओरडणंच प्रबलित झालं की! म्हणून तर ते वर्षागणिक वाढतं.

बोरीकाठचा : म्हणजे बाहेर काढायचं नाही, ओरडायचं नाही. भरगच्च वर्गात आरती ओवाळायची का मग? वर शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम आहेच.

अनेरकाठी : आप्पा, 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं, शिस्तीला नाही. त्या पोराचं म्हणाल तर सुटका बंद करू नका, तिचा रस्ता बदला. दहा गणितांच्या जागी तीन द्या, पहिलं सोबत बसून सोडवा. तिन्ही झाली की पाणी प्यायला जा म्हणा. सुटका तीच, पण आता ती गणित सोडवून मिळते. अहिराणीसाठी तर काहीच खर्च नाही. लेकराने अहिराणीत विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि देता देता तेच वाक्य मराठीत म्हणायचं.

बोरीकाठचा : पाणी प्यायला गेलेला परत येतो का, ते कळवा. बाकी पटलं.

खडूफळा : पण एखाद्याला गणिताचा त्रास नसतो, त्याला सरांचं लक्ष हवं असतं. त्याच्या बाबतीत रागावणं हेच बक्षीस. हवं ते मिळालं म्हणून अधिक, म्हणजे धन प्रबलन. खोडी तीच, कारण निराळं. त्याला तीन गणितं देऊन काही होणार नाही. खोडीकडे काणाडोळा आणि नीट बसला की लगेच दखल, हा उपाय लागू पडतो. सुरुवातीला मात्र खोड्या वाढतात, तेवढा धीर धरावा लागतो.

पांझराकाठ : आणखी एक. आईने रागावू नये म्हणून मुलगा अभ्यासाला बसतो, हे कशात टाकू?

गिरणाथडी : ऋण प्रबलनच, फक्त त्यात दोन तऱ्हा. नकोशी गोष्ट सुरू झाल्यावर थांबवली तर सुटका, सुरूच होऊ दिली नाही तर टाळणं. आईचा आवाज चढल्यावर बसला तर पहिली. दारात तिची चप्पल वाजताच बसला तर दुसरी.