आपणही कुणाचं तरी खाद्य: वॅल प्लमवुडचा विचार कोकणात टिकतो का?

वाशिष्ठीकाठ

२०२४ च्या पावसात चिपळुणात रस्त्यावरून मगर चालत गेली, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. आमच्या आळीत तेव्हा दोनच मतं होती: धरून लांब सोडा, नाहीतर मारून टाका. तेव्हापासून एका बाईबद्दल लिहायचं मनात होतं.

वॅल प्लमवुड, ऑस्ट्रेलियातली तत्त्वज्ञ. जन्म १९३९, मृत्यू २००८. मूळ अभ्यास तर्कशास्त्राचा. फेब्रुवारी १९८५ मध्ये काकडू राष्ट्रीय उद्यानात ती एकटीच छोटी होडी घेऊन पाण्यात गेली. पाऊस लागला म्हणून परत फिरली, तर खाऱ्या पाण्यातल्या मगरीने होडीला धडका द्यायला सुरुवात केली. काठच्या झाडाची फांदी धरून वर चढू पाहत होती, तेवढ्यात मगरीने तिला धरलं, पाण्याखाली नेलं आणि गरगरा फिरवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला ती सुटली, पाय फाटलेला, आणि चिखलातून कितीतरी तास सरपटत राहिली. शोधायला आलेल्या वनरक्षकांना सापडली तेव्हा जेमतेम जिवंत होती. त्या मगरीला मारायला निघालेल्यांना तिने अडवलं. मगर आपल्या जागेत होती, घुसले होते ती मी, असं तिचं म्हणणं.

पुढची तेवीस वर्षं तिने या अनुभवातून जे काढलं त्यासाठी हा धागा. माणूस समजतो की आपण सगळ्यांना खातो, आपल्याला कोणी खात नाही. मेल्यावरही भक्कम पेटी आणि वर दगड, म्हणजे किड्यांनाही काही मिळू नये. तिला त्या पाण्यात कळलं की आपण मांसही आहोत. ‘ही’वर जोर आहे, कारण ती माणसाला नुसतं मांस म्हणत नाही आणि कोंबडीलाही नुसतं मांस म्हणत नाही. जे खाण्याजोगं आहे त्याला मान द्यायचा नाही आणि ज्याला मान द्यायचा ते खायचंच नाही, ही वाटणी तिला मान्य नव्हती. ती स्वतः शाकाहारी होती, तरीही.

माझं म्हणणं असं की प्राण्यांच्या नीतीवर ज्यांची नावं नेहमी घेतली जातात, म्हणजे १९७५ मध्ये ‘ॲनिमल लिबरेशन’ लिहिणारा तत्त्वज्ञ पीटर सिंगर किंवा १९८३ मध्ये ‘द केस फॉर ॲनिमल राइट्स’ लिहिणारा टॉम रीगन, त्यांच्यापेक्षा ही बाई आपल्या किनाऱ्याच्या जवळची आहे. गोव्यात बोरी-दुर्भाटकडे पौष अमावास्येला खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीच्या, बांधाशी चिखलाची मगर घालतात, तिच्या पाठीवर शिंपल्यांचे खवले लावतात आणि पूजा करतात. माणगेथापणी म्हणतात तिला. ज्या खाडीत मगर आहे त्याच खाडीच्या बांधावर यांचं भात पिकतं. मगरीने बांध राखावा आणि माणसालाही सोडावं, एवढंच मागणं. तिथे मगर राक्षस नाही आणि बिचारीही नाही. प्लमवुडला हे बघायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

तुम्हाला काय वाटतं?

गडग्याआड

ताई, मनापासून लिहिलंय ते कळतं. पण मी राजापूर तालुक्यातला, भात आणि थोडी काजूकलमं असलेला माणूस आहे. मला यातलं एक पटत नाही.

ती बाई स्वतःच्या मर्जीने त्या पाण्यात गेली. आमच्याकडची बाई नदीवर धुणं घेऊन जाते ती मर्जीने नाही. पहाटे बागेत जाणारा गडी बिबट्याच्या जागेत घुसत नाही, स्वतःच्या कलमांत जातो. "मी घुसले होते" हे वाक्य त्याच्या तोंडी कसं घालणार? आणि ती जगली म्हणून लिहू शकली. जे नाही जगले त्यांच्या घरच्यांना विचारा की माणूस हेही खाद्यच आहे का.

वानर एका दिवसात नारळाच्या कवळ्या शेंड्याची काय दशा करतात ते ज्याने पाहिलंय त्याच्याशीच मी यावर बोलेन. डुक्कर एका रात्रीत कुणग्यातलं, म्हणजे शेताच्या तुकड्यातलं, भात लोळवून जातं. शेतकऱ्याला यात कुणीच विचारत नाही. कायदा प्राण्याच्या बाजूला, शहरातले लोक प्राण्याच्या बाजूला, आता तत्त्वज्ञही.

निरामिष

मी रत्नागिरीची, जन्माने मासेखाऊ घरातली, सतरा वर्षं मासे-मांस सोडलेली. मला उलट बाजूने आक्षेप आहे.

"खायचं पण मान देऊन" हे म्हणणारा नेहमी खाणाराच असतो. ज्याला खाल्लं जातं त्याला कुठलाही मान पोचत नाही. मगरीला तिचा जबडा आहे, दुसरा पर्याय नाही. मला आहे. डाळ, तांदूळ, कुळीथ, भाजी, नारळ, सगळं दारात आहे. मग निसर्गात एकमेकांना खाणं चालतंच, हे कारण मी पुढे करायचं म्हणजे पर्याय असताना नसल्याचं सांगायचं. सिंगरचा प्रश्न साधा आहे. वेदना होते का? होत असेल तर ती मोजा, मग तो जीव गोंडस असो नाहीतर बुळबुळीत. २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठात ॲसिड टोचून पाहिलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले, कितीतरी वेळ अन्नाला शिवले नाहीत. आपल्याकडे बांगडा पाटीत तडफडतो त्याला "ताजा आहे" म्हणतात.

आणि प्लमवुड स्वतः काय खात होती ते वाशिष्ठीकाठताईंनी एका वाक्यात उरकलं. कोंबड्या-डुकरं कोंडून वाढवण्याच्या कारखान्यांच्या ती पूर्ण विरोधात होती. आज कोकणातल्या बाजारात गल्लोगल्ली ब्रॉयलरची दुकानं आहेत. पिंजऱ्यात चार डोकी एकावर एक. तिचं नाव घेऊन ती कोंबडी खाता येणार नाही.

सावंतवाडीचा मास्तर

निवृत्त शिक्षक आहे. प्लमवुडबाईंचं थोडं वाचलेलं आहे म्हणून चर्चेत दोन गोष्टी घालतो, कारण त्या मगरीमुळे त्यांचं बाकी काम झाकलं जातं. त्यांना स्वतःलाही ही भीती होती. वर्तमानपत्रांनी ती गोष्ट राक्षसाच्या तावडीतून सुटलेल्या बाईची करून टाकली म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं त्यावर लिहायचं टाळलं.

पहिली गोष्ट जंगलाची. १९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांचे तेव्हाचे पती रिचर्ड राउटली यांनी मिळून ऑस्ट्रेलियातल्या वनखात्याच्या धोरणावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तिथे जुनी निलगिरीची जंगलं तोडून पाइनची लागवड चालली होती. या दोघांनी आकडेही तपासले आणि मुळातला प्रश्नही विचारला. जंगल म्हणजे लाकडाचं उत्पन्न, हे ठरवलं कोणी? पुढे दोघं वेगळे झाले आणि बाईंनी आडनाव घेतलं ते आपण राहत असलेल्या डोंगराचं. त्या डोंगराला नाव तिथल्या प्लमवुड झाडावरून. शेवटी त्यांना पुरलंही तिथेच. दोडामार्गात जुनं मिश्र जंगल उतरवून रबराच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा हे पुस्तक आमच्या हातात असतं तर बोलायला शब्द मिळाले असते. आपल्याकडे जंगल बहुतेक खासगी मालकीचं, म्हणून "माझी जमीन, माझं लाकूड" यावर बोलणं थांबतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या १९९३ च्या पुस्तकातली, आणि मला ती मगरीपेक्षा मोठी वाटते. त्या म्हणतात, मालक ज्याच्या जिवावर जगतो त्यालाच पडद्यामागे ढकलतो. बुद्धी वर आणि शरीर खाली, पुरुष वर आणि बाई खाली, माणूस वर आणि निसर्ग खाली. एकच साचा, वेगवेगळ्या ठिकाणी. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर चालतं असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. वडील मुंबईला, महिन्याला मनीऑर्डर. इथे आई दोन म्हशी, चार कुणगे, आजारी सासू आणि आम्ही तिघं भाऊ सांभाळत होती. पोस्टमन आला की "बाबांनी घर चालवलं". म्हशीने आणि आईने चालवलेलं घर कुठल्या हिशेबात कधी आलं नाही. प्लमवुडबाईंनी आईला आणि म्हशीला एका वाक्यात आणलं, आणि त्यात आईचा अपमान वाटला नाही. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

गडग्याआड यांचा मुद्दा मात्र खरा आहे. ज्यावर उपाय सांगता येत नाही त्या नीतीचं शेतकऱ्याने काय करायचं?

हर्णे बंदर

माझ्या वडिलांची होडी आहे. निरामिषताई, तुमचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी वडिलांबरोबर जाळं ओढायला गेले होते. जाळ्यात कासव आलं, ऑलिव्ह रिडले, मोठी मादी. पुढचा पर जाळ्यात असा गुंतला होता की कातडीत दोरा रुतलेला. वडिलांनी सुरी काढली. मला वाटलं दोरे सोडवत बसतील, पण त्यांनी सरळ जाळं कापलं, हात-दीड हात, पुन्हा दुसरीकडून तेवढंच. कासवाला काठावर घेतलं तेव्हा ते सुस्कारे टाकत होतं, म्हातारं माणूस जिना चढून आल्यावर टाकतं तसे. वडिलांनी त्याच्या पाठीवर पाणी ओतलं, "जा बाय" म्हणाले आणि सोडलं. मोबाईलवर फोटो मी काढले, कारण संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची सरकारची योजना २०१८ पासून आहे. फॉर्म भरला. पैसे यायला फार वेळ लागला, ते जाऊ दे.

सांगायचं ते पुढचं. कासव गेल्यावर त्याच जाळ्यातले बांगडे आम्ही पाटीत भरले. तेही तडफडत होते. मी त्याच हातांनी भरले. तेव्हा मला काही वाटलं नाही, आणि तेच मला आता टोचतं. कासवाला वडील "बाय" म्हणाले, बांगड्याला कोण काय म्हणतं?

पण ताई, मी मासे सोडणार नाही. आमचं घर त्यावर आहे. तुम्ही म्हणता पर्याय आहे. आमचा पर्याय म्हणजे बंदर सोडून पुण्याला जाणं. वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखतात. त्याआधी अंडी उकरून नेत, माझ्या आजीनेही खाल्लेली. ज्यांनी अंडी खाल्ली त्यांच्याच गावांत आज पिल्लं समुद्रात सोडायला माणसं उभी राहतात. खाणारा बदलतो, पण त्याला खाणारा म्हणून हाकलून दिलं तर बदलत नाही. १ जून ते ३१ जुलै आम्ही बंद ठेवतो, मासा अंड्यावर असतो म्हणून. तेव्हाच बाहेरून मोठी जाळी येऊन घुसतात, आणि पुढे मोसमात रात्री मासे ओढायला एलईडी दिवे लावून पिल्लासकट सगळं उपसतात. त्यांना प्लमवुडच्या विचारात जागा नको, एवढं मी म्हणेन.

निरामिष

हर्णेच्या मुली, तुझ्या घराला मी बंदर सोड म्हणणार नाही. माझा वाद तुझ्या वडिलांशी नाही. माझ्या ऑफिसात शुक्रवारी सुरमई नाही मिळाली म्हणून रागावणाऱ्यांशी आहे, ज्यांना खरंच पर्याय आहे. पण एक कबूल कर: बांगडा टोचायला लागला तो कासवाकडे बघितल्यामुळे. मी एवढंच मागते की तो टोचत राहू दे.

हर्णे बंदर

टोचतंय. म्हणून तर लिहिलं.

वाशिष्ठीकाठ

गडग्याआड दादा, तुमचा पहिला मुद्दा मी मान्य करते. काकडूत गेलेली बाई आणि नदीवर धुणारी बाई यांना मी एकाच वाक्यात बसवलं, ते चुकलं. घाट सुरक्षित करणं, काठाला कुंपण, नळाचं पाणी घरात येणं, हे सगळं आधी झालं पाहिजे. प्लमवुडने कुणाला मरायला सांगितलेलं नाही. ती मगरीच्या तोंडातून सुटायला शेवटपर्यंत झगडली. पण सुटल्यावर सूड घेतला नाही. एवढ्यापुरती ती मला हवी आहे. आपल्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी जो दिसेल तो बिबट्या दोषी ठरतो.

मास्तर, तुमच्या आईचं वाचून मला माझ्या आत्याला फोन करावासा वाटला. केला.

गडग्याआड

ताई, तुम्ही मान्य केलंत, मग मीही एक सांगतो. हे गावात कोणाला सांगितलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी डुकरांसाठी आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडीत फासकी लावलेली होती, स्कूटरच्या क्लच वायरची. कोणी लावली ते विचारू नका. सकाळी गेलो तर बिबट्या अडकलेला. कमरेला वायर. एकदा गडग्यावर उडी, एकदा खाली, चिरे निखळलेले, सगळीकडे उकरलेली माती. मी वीस पावलांवर उभा. त्याने मान वळवली. तो गुरगुरला नाही, दमला होता. नुसतं बघितलं. माझे पाय तिथून हलेनात. वनखात्याची माणसं दुपारी आली तोवर त्याचा जीव गेला होता. वायर आत कापत गेली होती.

तुमच्या त्या बाईने मगरीच्या डोळ्यांबद्दल लिहिलंय का? असेल तर मला ते मराठीत करून द्या. इंग्रजी मला झेपत नाही.

वायर मी पुन्हा लावू दिली नाही. पण भात आता लोंबीला आलंय आणि डुकरं यायला लागली आहेत. आज मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, राखणीला मीच आहे, पत्र्याचा डबा आणि बॅटरी घेऊन. अकरा वाजले की जायचं.

वाशिष्ठीकाठ

लिहिलंय, दादा. पाण्यावर दिसणाऱ्या डोळ्यांबद्दलच लिहिलंय. पहिली दोन पानं या रविवारपर्यंत करून इथेच टाकते.