वाढलेलं वजन : तुमचे अनुभव लिहा

वजनावरून सल्ले देणारे पावलोपावली भेटतात. आपण काय सोसलं ते कुणी विचारत नाही. माझ्या वडिलांचा बीपी, साखर, गुडघे यांचं बरंचसं मूळ वजनात होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. स्वतःचं लिहा, घरच्यांचं लिहा. फक्त कुणाला नावं ठेवू नका.

———

माझ्या घोरण्याची घरात चेष्टा व्हायची. एकदा बायकोने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. घोरणं मध्येच थांबतं, वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही, मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास. ती हे रोज जागून ऐकत होती. तपासणीत तासाला ४१ वेळा श्वास अडकतो असं निघालं. जिभेत, मानेभोवती चरबी साठली की झोपेत घसा मिटतो. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, बीपी उसळतो. सकाळची डोकेदुखी, बीपीच्या गोळ्या लागू न पडणं, सगळ्याचा उलगडा झाला. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) लावून झोपलो त्या पहिल्या रात्री ती दोनदा घाबरून उठली, इतकी शांतता होती.

———

चौदाव्या वर्षापासून मी मान घासत होते. मागे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा. सगळे म्हणायचे, मळ आहे, नीट धू. रक्त यायचं, पट्टा जायचा नाही. पुढे पाळी तीन-तीन महिने चुकू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मान बघूनच सांगितलं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीये. ८६ वरून ७९ किलोवर आले आणि पाळी रुळावर आली. आयांनो, मुलीची मान घासू नका, साखर तपासा.

———

मी जाड दिसत नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४. पण आशियाई लोकांत धोका २३ पासूनच धरतात, आणि आपल्याकडे कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. माझी ९७. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. टेप लावताना पोट आत ओढू नका.

———

१८ किलो उतरवले, दोन वर्षांत १५ परत आले. जिद्द नाही म्हणून ऐकून घेतलं. वजन उतरलं की लेप्टिन (भूक आवरणारं हार्मोन) घटतं, भूक वाढते, शरीर बसल्याजागीही कमी ऊर्जा जाळतं, हे समजलं त्या दिवशी मी रडले. आता सहाच किलो कमी आहेत, पण टिकलेत. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही.

———

मानेबद्दल लिहिणाऱ्या ताई, माझ्या लेकीची मान अगदी तशीच आहे. कालच तिला ओरडले होते. उद्या घेऊन जाते.